उमादेवीच्या हातचा हलवा

बोरी, रविवार, २६ डिसेंबर १९९३

आज चंद्रभानच्या दुकानात बसून नको ते बोलून आलो.

माझ्या मुलाचं, चन्नप्पाचं, परभणीहून पत्र आलं होतं. चष्मा घरी राहिला म्हणून चंद्रभानकडून वाचून घेतलं, ही पहिली चूक. पत्रात लिहिलं होतं, महानंदाची लग्नानंतरची ही पहिली संक्रांत, हळदीकुंकू बोरीलाच करू. हलव्याचे दागिने मात्र तिची आई बाजारातून तयार आणते म्हणतेय, कारण आता आपल्या घरात करणारं कोणी राहिलं नाही. हे शेवटचं वाक्य चंद्रभाननं दोनदा वाचलं. दुकानात पाच-सहा माणसं होती. मी म्हणालो, "बाजारचा हलवा? उमादेवीच्या सुनेच्या गळ्यात? मी करतो घरी."

सगळे हसले. चंद्रभान म्हणाला, "अण्णा, तुमाला च्या तरी करता येतो का?" मग मला मागं फिरताच येईना.

माझी बायको उमादेवी लिंगैक्य होऊन, म्हणजे जाऊन, दीड वर्ष झालं. हलव्यात तिचं गावात नाव होतं. चौदा संक्रांती तिनं आमच्या आळीतल्या प्रत्येक नव्या सुनेला दागिने करून दिले. काळ्या साडीवर पांढरा काटेरी हार, बाजूबंद, बांगड्या, बिंदी. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. मागच्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या घरातून हलवा गेला नाही आणि तो दिवस मला फार जड गेला.

मी तीस वर्षं कापसाचा ग्रेडर होतो. डोळे मिटून नुसत्या बोटांनी धाग्याची लांबी सांगायचो. तिळावर साखर चढवायची, त्यात एवढं काय अवघड असणार?

मंगळवार, २८ डिसेंबर

अवघड आहे.

शेगडी पेटवली, परात ठेवली, तीळ टाकले, वरून वाटीभर पाक ओतला. पाच मिनिटांत सगळ्याची एकच वडी झाली आणि परातीला अशी चिकटली की उलथनं वाकलं. पंचफुलाबाई, म्हणजे चंद्रभानची बायको, कुंपणावरून बघत होत्या. "अण्णा, लाडू करायलात का?" म्हणाल्या. मी "होय" म्हणालो.

गुरुवार, ३० डिसेंबर

अभिमान गिळून बसम्माकडे गेलो. तिचं घर आमच्या परसाला लागून आहे. ती उमादेवीची मैत्रीण, तिला 'अक्का' म्हणायची. उमादेवी पौष लागला की परात उचलून हिच्याच ओसरीवर जाऊन बसायची. तिकडं गार वारा जास्त लागतो, हलव्याला काटा चांगला येतो, असं सांगायची. मी कापसाच्या हंगामात कधी घरी नसायचोच. दिवाळी ते होळी माझा मुक्काम खरेदी केंद्रांवर. पण वाटलं, इतकी वर्षं शेजारी बसून हिनं काहीतरी पाहिलं असेल.

बसम्मा आधी नाहीच म्हणाली. "मला काय इचारता अण्णा? बाजारातून आणा की." मी महानंदाचं सांगितलं. मग म्हणाली, "सांगते. पण मी पायरीवर बसून सांगीन. हात तुमचेच लागले पायजेत."

मी म्हटलं, जसं तुम्हाला बरं वाटेल तसं.

रविवार, २ जानेवारी १९९४

चार दिवस शिकतोय. सकाळी उजाडायच्या सुमाराला बसम्मा येते आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसते. दोन्ही हात पदराखाली. आत या, शेगडीपाशी ऊब आहे, म्हटलं तरी येत नाही. हट्टी बाई आहे.

तिथूनच बोलत राहते. "इस्तवावर राख टाका, परात नुस्ती कोमट पायजे." "पाक चमचाभर न्हाई, थेंब." "आता बोटांनी फिरवा. दाबू नका. लेकराच्या डोक्यावरनं हात फिरवतो तसं." "आता थांबा. सुकू द्या." पुन्हा थेंब, पुन्हा फिरवणं. दोन तासांनी परात पातळ फडक्यानं झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असे सात-आठ दिवस.

माझ्या बोटांना फोड आले आहेत. आज तिला चहा दिला तेव्हा हात पदराबाहेर आला. बोटांची टोकं घट्ट, गुळगुळीत, रेषाच नाहीत. चुलीपाशी जन्म गेलेल्या बाईचे हात असेच होत असावेत. उमादेवीची बोटं मात्र शेवटपर्यंत मऊ होती. चौदा वर्षं हलवा करून हाताला एक चट्टा नाही, याला म्हणतात कसब.

बुधवार, ५ जानेवारी

तीळ पांढरे झाले आहेत, गोल झाले आहेत, पण काटा नाही. नुसते साबुदाण्यासारखे दिसतात. खरेदी केंद्रावर असता तर हा माल मी तिसऱ्या दर्जात टाकला असता. तीन दिवस आभाळ आहे, त्याचाही परिणाम असेल.

मला शंका येते की बसम्मा काहीतरी हातचं राखून सांगतेय. आज मी म्हटलं, "एकदा तुम्ही फिरवून दाखवा ना, बघून जमेल मला." तिचा चेहरा एकदम उतरला. "तेवढं सांगू नका अण्णा," म्हणाली आणि उठून गेली. मी काय असं वाईट बोललो, कळलं नाही. कारागीर लोकांचं असंच असतं, शेवटची खुबी कुणाला देत नाहीत.

पंचफुलाबाई संध्याकाळी डोकावल्या. माझ्या फोडांकडं बघून हळहळल्या, आपल्या घरचं लोणी आणून दिलं. मनानं चांगली बाई आहे. त्यांच्या रुख्मिणीचा नवरा गेल्यापासून, चार वर्षं झाली, हसणं कमी झालंय. पोर माहेरीच असते, फारशी दिसत नाही. जाताना पंचफुलाबाई म्हणाल्या, "तुमचं बरंय अण्णा, बाप्या माणसाच्या हाताला काय न्हाई." मी म्हटलं, "काय नाही कसं, हे फोड बघा की." त्या लोण्याची वाटी ठेवून निघून गेल्या.

शनिवार, ८ जानेवारी

आजचं आजच लिहून ठेवतो.

आज महानंदाच्या बांगड्यांसाठी जरीचा दोरा आणायला परभणीला जाणार होतो, बसम्माला तसं सांगूनही ठेवलं होतं. सकाळची एस.टी. आलीच नाही. तास दीड तास थांबून परत आलो. घरात शिरलो तर मागच्या खोलीत शेगडी पेटलेली आणि परातीसमोर बसम्मा.

तिला मी आल्याचं कळलं नाही. मी दारातच उभा राहिलो. तिची बोटं अशी फिरत होती की तीळ आपोआप गोल धावत होते. डावा हात थेंब सोडायचा, उजवा तो थेंब दिसायच्या आत सगळीकडं पसरवायचा. परातीच्या एका बाजूला मूठभर दाणे वेगळे काढलेले होते. त्यांना काटा आला होता. बारीक, टोकदार, सगळीकडून सारखा. असा हलवा मी एकाच घरात पाहिला होता.

मी म्हणालो, "बसम्माबाई, हा तर उमादेवीच्या हातचा."

ती दचकून उठली. हात पदरात लपवले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अक्काला हलवा येत न्हवता, अण्णा."

रविवार, ९ जानेवारी

बसम्मा आली नाही. मी बोलावलं नाही.

उमादेवीच्या फोटोसमोर बसून राहिलो. चौदा वर्षं गल्लीतल्या बाया तिचे हात हातात घेऊन वाखाणायच्या आणि ती हसायची. मीही केंद्रावरच्या लोकांना डबा उघडून दाखवायचो, बायकोनं केलाय म्हणून. आता राग कुणाचा करावा तेच कळत नाही.

मंगळवार, ११ जानेवारी

काल राहवलं नाही, बसम्माच्या ओसरीवर जाऊन बसलो. तिनं आतून पाणी आणून दिलं. मी विचारलं, "माझ्या बायकोनं तुमच्या कामावर स्वतःचं नाव लावलं?"

"न्हाई अण्णा. तिनं माझ्या कामाला नाव दिलं. न्हाईतर कोण घेणार व्हतं?"

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात गेला. मला ते साल आठवतं, विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव घरं जळत होती, आणि हा बिचारा साध्या तापानं गेला. बसम्मा तेव्हा माझ्या चन्नप्पाच्या मावशीसारखी घरात वावरायची. नवरा गेल्यावर ती दाराबाहेर येईना. पौषात उमादेवी शेरभर तीळ घेऊन तिच्याकडं गेली. "अक्का म्हणाली, तुज्या हाताला काम पायजे. माहेरी शिकलीस ना, कर हलवा. मी म्हणलं, पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचा हलवा नव्या नवरीला कोण घालंल? अक्का म्हणाली, माज्या हातचा म्हणून सांगते."

मी म्हटलं, "आपल्यात हे कुठून आलं? आपण लिंगायत, गळ्यात लिंग आहे, आपल्यात सुतक नाही, विटाळ नाही."

बसम्मानं कपाळावरच्या विभूतीला हात लावला. "हे तुमी ओट्यावर बसून बोलता अण्णा. हळदीकुंकवाला मला कोण बोलावतंय? तुमच्या घरातून तरी कधी बोलावणं आलं का?"

हळदीकुंकू हे बायकांचं काम म्हणून मी कधी त्यात लक्षच घातलं नव्हतं. मी विधुर झाल्यावर तीन पूजांना मला मान देऊन पुढं बसवलं. या बाईला पायरीच्या आत यायचा धीर होत नाही, आणि मी दहा दिवस रोज तिला 'आत या, ऊब आहे' म्हणत होतो. स्वतःला ग्रेडर म्हणवतो मी.

"तिनं मला का सांगितलं नाही?"

"तुमी कधी इचारलं? डबा घेऊन जायचात की."

जरा वेळानं म्हणाली, "संक्रांत झाली की अक्का यायची. कुणाच्या गळ्यात कसा दिसला, कोण काय म्हणलं, सगळं सांगायची. दोन दोन तास. मी एकबी नवरी बघितली न्हाई अण्णा. केला तेवढा. बघितला कधीच न्हाई. आता सांगायलाबी कोणी न्हाई."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "रविवारी हळदीकुंकू आहे. सगळ्यांसमोर मी सांगणार, हे दागिने बसम्मानं केले. आणि मागचेही."

ती एवढी घाबरली की तिनं माझा सदरा धरला. "मला गावात ऱ्हायचंय अण्णा. रुख्मिणीच्या गळ्यात माझाच हार व्हता. तिचा नवरा गेला. पंचफुलाला कळलं तर काय म्हणंल? माझ्या हातामुळं झालं म्हणंल. आन् मी तरी काय सांगू तिला? रात रात मला हेच वाटतंय."

मी तिला शब्द दिला, तोंड उघडणार नाही. घरी येताना मात्र वाटत होतं, हा शब्द मी चुकीचा दिला.

गुरुवार, १३ जानेवारी

भोगी. चन्नप्पा आणि महानंदा काल आले. हलवा तयार झाला. पहिल्या दर्जाच्याही वरचा. शेवटचे दोन दिवस बसम्मानंच फिरवला, मी इस्तू सांभाळला. ती आता पायरीच्या आत येऊन बसते. मागचं दार मात्र लावून घ्यायला सांगते.

दिवसभर मी, चन्नप्पा आणि महानंदा दागिने ओवत होतो. महानंदा हुशार आहे. माझ्या बोटांकडं बघून म्हणाली, "मामंजी, तुमचे फोड तर वाळले. मग हा ताजा हलवा कुणी केला?" मी विषय बदलला. तिला ते कळलं असणार.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून गावात पोलीस. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागणार म्हणून सगळीकडं बंदोबस्त, एस.टी.चं काही खरं नाही. विहीणबाई, महानंदाची आई, देवगाव फाट्यावर दोन तास ताटकळल्या आणि परत गेल्या, असा निरोप आला. रविवारी येतील. बरं झालं, हळदीकुंकू रविवारचंच ठेवलंय.

मग रेडिओवर सांगितलं, विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. ओट्यावरचे एकेक करून उठून घरी गेले. पलीकडच्या वस्तीतून हलगीचा आवाज यायला लागला आणि बराच वेळ येत राहिला. मुंजाजी माझ्या हाताखाली केंद्रावर वीस वर्षं तोलाई करायचा, तो त्याच वस्तीतला. एकदा मी त्याला म्हणालो होतो, नावासाठी एवढा जीव कशाला टाकता? तो तराजूचा काटा बघत राहिला होता. आज त्याच्याकडं तिळगूळ घेऊन गेलो. त्यानं खुर्ची दिली, गूळ घेतला, चहा पाजला. ते वाक्य मी परत काढलं नाही. काढायला हवं होतं.

शनिवार, १५ जानेवारी

मी शब्द मोडला. निम्मा. चन्नप्पाला आणि महानंदाला सगळं सांगितलं. चन्नप्पा म्हणाला, "अण्णा, झालं गेलं सोडा. आता उगी घोळ करू नका." महानंदा बाजूबंद पुसत होती. तिनं एवढंच विचारलं, "त्यांनी कधीच बघितला न्हाई?"

मी म्हटलं, "नाही."

रविवार, १६ जानेवारी

जसं घडलं तसं लिहितो.

दुपारी चारला बाया जमल्या. पंधरा-वीस असतील. महानंदा काळी साडी नेसून पाटावर बसली आणि विहीणबाईंनी एकेक दागिना चढवला. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. विहीणबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अण्णा, कमाल केली तुमी. बाजारात असलं बघायला मिळत न्हाई. आमच्या उमादेवी विहीणबाईंच्या हातचा गुण तुमच्या हातात उतरला."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. तोंड उघडलं तर बसम्मा अडचणीत, मिटलं तर मी चोर. मी हसलो. हात जोडले. उमादेवी चौदा वर्षं हेच करत होती, हसत होती, हात जोडत होती. तिला ते सोपं जात असेल असं मी परवापर्यंत धरून चाललो होतो. तिच्यावरचा राग तिथंच गेला.

तेवढ्यात महानंदा पाटावरून उठली. तिळगुळाची वाटी घेतली आणि पुढच्या दारानं, सगळ्या बायांच्या मधून, बाहेर निघाली.

"अगं, नवरी कुठं चालली?" पंचफुलाबाई म्हणाल्या.

"सासूबाईंच्या मैत्रिणीच्या पाया पडून येते," महानंदा म्हणाली. "त्यांच्याहून थोरलं कोण हाय आता?"

विहीणबाई तिला अडवायला उठल्या. चन्नप्पा, काल मला घोळ करू नका म्हणणारा, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जाऊ द्या तिला." मी मागच्या दारानं धावत परसात गेलो. माझ्या मागून पंचफुलाबाई, हातात कुंकवाचा करंडा तसाच.

बसम्मा अंगणात तुरी पाखडत होती. समोर काळ्या साडीतली नवरी बघून तिचं सूप हातातून खाली आलं. ती आत पळणार होती. महानंदा म्हणाली, "मावशी, थांबा." वाकली, पाया पडली, वाटी पुढं केली. "तिळगूळ घ्या."

बसम्मानं तिळगूळ घेतला नाही. तिला हात पुढं करायचं सुचलंच नसावं. ती नुसती बघत होती. आधी बिंदी, मग हार, मग बाजूबंद. मग म्हणाली, "फिर बाई जरा. मागून बघू दे." महानंदा फिरली. बसम्मानं पुढं होऊन मानेवरची हाराची गाठ सोडली, दोरा ओढून घेतला आणि पुन्हा बांधली. तिचे हात अजिबात थरथरत नव्हते.

"दोन बोटं लांब झालाय," ती म्हणाली. "पुढच्या बारीला आखूड करीन मी."

हे बोलताना ती कुंपणाकडं बघत होती. तिथं पंचफुलाबाई उभ्या होत्या, आणि ते तिला दिसत होतं. मी तोंड उघडणार नाही असा शब्द घेणारी हीच बाई.

पंचफुलाबाई म्हणाल्या, "तू करतीस व्हय हे?"

"व्हय."

"अक्काचे म्हणून यायचे, तेबी?"

"समदे मीच केले."

"माझ्या रुख्मिणीचाबी?"

मी डोळे मिटून घेतले. बसम्मा म्हणाली, "तिचाबी मीच केला, पंचफुला."

डोळे उघडले तेव्हा पंचफुलाबाईंच्या हातातला करंडा कुंपणावर ठेवलेला होता आणि त्यांनी तोंडाला पदर लावला होता. तो काढून त्या म्हणाल्या, "लय सुंदर दिसत व्हती गं माझी पोर त्या दिशी."

मग करंडा तिथंच विसरून त्या घरी गेल्या.